साखर आहे म्हणून आजीला खाटेवर ठेवू नका

(तिसगाव परिसरातल्या बचत गटांसाठी रेडिओवर केलेलं भाषण)

हातातलं काम चालू द्या, ऐकता ऐकता भाजी निवडली तरी चालेल. पण घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, आणि त्यातून त्यांना साखर असेल, तर त्यांनाही जवळ बसवून घ्या. आजचं बोलणं त्यांच्याबद्दलच आहे.

म्हातारं माणूस पडलं, खुबा मोडला, की घरात दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "आता या वयात कशाला चिरफाड?" आणि दुसरं, "त्यातून तिला शुगर आहे, जखम भरायची नाही." दुसरं वाक्य आलं की बोलणं संपतं. मग हाड बसवणाऱ्याकडून लेप येतो, पायाला वीट बांधली जाते, आणि आजी ओसरीवरच्या बाजेवर पडून राहते. सहा आठवडे, दोन महिने. त्यातून ती उठतच नाही.

मी हाडांच्या वॉर्डात परिचारिका आहे. आज एकच गोष्ट सांगायला आले आहे. साखर असली तरी मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन टाळायचं नाही. साखर आहे म्हणून ते जास्त तयारीनं करायचं, आणि घरी आणल्यावर जास्त डोळ्यांत तेल घालून बघायचं. हे बघणं मोठ्या दवाखान्यात होत नाही, ते घरात होतं. म्हणजे तुमच्या हातून होतं.

साखरेचं माणूस पडतं कसं?

साखर जुनी झाली की तळपायाच्या नसा बधिर होतात. पायातली चप्पल निघून गेली तरी कळत नाही, मग उंबरठा कसा कळणार? नजर कमी होते. साखर वाढलेली असली की रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं, आणि आपल्याकडं संडास अंगणाच्या पलीकडं. वस्तीवर तर अंधारच. कधी याच्या उलट होतं, साखर एकदम खाली जाते. गोळी घेतली आणि भाकर खायची राहिली, किंवा एकादशी धरली, मोहट्याच्या देवीचे नऊ दिवस धरले आणि गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. मग उठताना घेरी येते आणि माणूस खाली.

पडल्यावर हाड मोडायलाही साखर हातभार लावते. हाडांच्या घनतेची तपासणी केली तर साखरेच्या माणसाचं हाड पुष्कळदा चांगलं दिसतं. तरीही ते लवकर मोडतं, कारण दिसायला भरलेलं असलं तरी आतला कस कमी झालेला असतो.

आपल्या भागातल्या बायकांचं आणखी एक सांगते. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची पाहणी झाली. त्या समितीच्या अध्यक्ष डॉ. नीलम गोऱ्हे होत्या. ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाथर्डी तालुक्यातूनही दरवर्षी कोयते जातात, त्यामुळं हे आपल्याला परकं नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळीच्या वयातच शरीरातली हाडं राखणारी शक्ती तुटते आणि हाडं लवकर विरळ होतात. जिचं असं ऑपरेशन तिशी-पस्तिशीत झालं असेल, तिनं साठीची वाट न बघता डॉक्टरांना हाडांबद्दल विचारावं.

आणि "मी तर काडीसारखी, मला कुठली साखर?" असं कुणी म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. आपली माणसं वरून बारीक दिसतात, पण आत चरबी जास्त असते, हे त्यांनी दाखवून दिलं. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरांचा फोटो 'लान्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. म्हणजे बारीक अंगावर जाऊ नका. पुष्कळ बायकांची साखर पहिल्यांदा कळते ती खुबा मोडून दवाखान्यात गेल्यावरच.

पडल्यावर लगेच काय करायचं?

खुबा मोडला की पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलतं, जांघेत कळ येते आणि उभं राहता येत नाही. कधी हाड मोडूनही एकात एक अडकून राहतं आणि माणूस लंगडत चार पावलं चालतं. म्हणून "चालता येतंय, म्हणजे मोडलेलं नाही" असं समजू नका. म्हातारं माणूस पडलं आणि जांघ दुखते आहे, तर एक्स-रे काढायचाच.

चोळू नका. ओढू नका. पाय सरळ करायचा प्रयत्न करू नका. दोन्ही पायांमध्ये उशी नाहीतर घडी केलेली गोधडी ठेवा आणि दोन्ही पाय एकमेकांना सैल बांधा. उचलायचं झालं तर फळीवर किंवा बाजेसकट उचला. १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट आहे. तिसगावहून करंजीचा घाट ओलांडून नगर गाठायचं म्हणजे वेळ जाणारच. तो वेळ आधी लेप लावण्यात घालवू नका.

गाडीत बसताना एका पिशवीत चार गोष्टी टाका. पहिली, आजी घेते त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. साखरेच्या, बीपीच्या, रक्त पातळ करायच्या, आणि गुडघेदुखीसाठी कुणाकडून आणलेल्या पुड्याही. दुसरी, जुने रिपोर्ट. तिसरी, रेशनकार्ड आणि आधारकार्ड. चौथी, तिचा चष्मा आणि कवळी. चष्मा कशाला, असं वाटेल. पण परक्या जागी धूसर दिसलं, नीट ऐकू आलं नाही, की म्हातारं माणूस ऑपरेशननंतर जास्त बावचळतं.

डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा: शेवटचं जेवण कधी झालं, शेवटची साखरेची गोळी किंवा इंजेक्शन कधी घेतलं, आणि गोळीचं नाव काय. हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या काही गोळ्या आहेत. त्या घेणाऱ्या माणसाला उपाशी पोटी, साखर फार वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी त्या बंद करतात. खुबा काही सांगून मोडत नाही, म्हणून गोळीचं नाव भूल देणाऱ्या डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे.

थांबायचं की करायचं?

इथं एक घोळ नेहमी होतो. शेजारच्या कुणाचं गुडघा बदलायचं ऑपरेशन साखर जास्त म्हणून दोन-तीन महिने पुढं ढकललेलं असतं. मग घरचे म्हणतात, "तिचं थांबवलं, मग हिचं कसं लगेच करायचं?" गुडघा झिजलेला असतो, तो थांबू शकतो. मोडलेला खुबा थांबू शकत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एक तपासणी असते, एचबीएवनसी. ती जास्त आली तर दोन दिवसांत कमी करता येत नाही. पण आजची साखर इन्सुलिनच्या सलाईननं काही तासांत आटोक्यात आणता येते, आणि ऑपरेशनला तेवढं पुरतं. रक्तात आम्ल झालं असेल, छातीत जंतुसंसर्ग असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टर आधी तो सुधारतील. तेवढं थांबणं योग्य. "साखर नॉर्मल होऊ द्या, मग महिन्यानं या" हे मोडलेल्या खुब्याला लागू होत नाही. कुणी तसं म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

हे ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं, असं जगभर मानतात. २०२० साली १७ देशांतल्या जवळपास तीन हजार रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचं ऑपरेशन निदानानंतर सहा तासांच्या आसपास केलं, काहींचं एका दिवसाच्या आसपास. मरणाच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण लवकर केलेल्यांमध्ये बावचळण्याचं आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण कमी होतं, आणि ती माणसं लवकर उभी राहिली. म्हणजे चार-सहा तासांसाठी जीव टांगणीला लावू नका, पण आठ-दहा दिवस घालवूही नका.

खाट माणसाला कशी खाते ते एकदा समजून घ्या. पडून राहिलं की छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. कमरेला आणि टाचेला जखमा पडतात. मांडीचं मांस दिवसेंदिवस झडतं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत वर्षभरात पाचातलं नाहीतर चारातलं एक जातं, असं देशोदेशीच्या पाहण्यांत दिसतं. त्यांना नेणारं बहुतेक वेळा मोडलेलं हाड नसतं. पडून राहिल्यानं जे मागून येतं, ते त्यांना नेतं. साखर असली की यातली प्रत्येक गोष्ट लवकर बिघडते. म्हणजे साखरेच्या माणसाला तर खाट आणखी परवडत नाही.

इन्सुलिन लावलं म्हणजे जन्माचं मागं लागलं का?

दवाखान्यात साखर १४० ते १८० च्या आसपास ठेवायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. त्याहून वर गेली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात, जंतूंना खायला मिळतं, आणि बारीक रक्तवाहिन्यांतून जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही. म्हणून जखम पिकायची भीती साखरेच्या माणसाला जास्त. ऑपरेशनच्या ताणानंही साखर वाढते. ज्यांना आधी कधीच साखर नव्हती, त्यांचीही वाढलेली दिसते.

त्या दिवसांत इन्सुलिन देतात कारण ते लगेच काम करतं आणि तासातासाला कमीजास्त करता येतं. पुष्कळ जणींचं ते घरी जाताना किंवा थोड्या आठवड्यांत बंद होऊन गोळ्या पुन्हा सुरू होतात. काहींना पुढं चालू ठेवावं लागतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. घरात फ्रिज नसेल तर बाटली मातीच्या छोट्या मडक्यात, ओल्या वाळूवर, सावलीत ठेवा. पाणी बाटलीत जाणार नाही एवढं बघा. चुलीजवळ किंवा पत्र्याच्या कपाटात ठेवू नका.

घरी आल्यावरचे सहा आठवडे

आता तुमचं काम सुरू होतं.

पहिली गोष्ट, साखर खाली जाणं. ऑपरेशननंतर आजीची भूक मेलेली असते. ती दोन घास खाते, आणि आपण मात्र कागदावर लिहिलेली पूर्ण गोळी देतो. मग घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, ती असंबद्ध बोलते, नाहीतर नुसती झोपून राहते. साखर ७० च्या खाली असली, किंवा मोजायला यंत्र नसलं आणि अशी लक्षणं दिसली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बरं वाटलं की भाकरीचा तुकडा, दूध असं काही खायला द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ बोलवा. आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा: "आजी जेवली नाही तर कुठली गोळी द्यायची नाही?" हा प्रश्न घरी येण्यापूर्वी विचारायचाच.

आजी रात्री भलतंसलतं बोलायला लागली, मेलेल्या माणसांना हाका मारायला लागली, तर कुणी म्हणेल बाहेरचं काही आहे. लिंबू उतरवायला जाण्याआधी साखर मोजा, ताप बघा, लघवी नीट होते का, पोट साफ झालं का ते बघा. बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतं.

दुसरी गोष्ट, जखम. रोज एकदा उजेडात बघा. लाली पसरते आहे, पाणी किंवा पू येतो आहे, जखमेभोवती गरम लागतं, वास येतो, थंडी वाजून ताप येतो, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. साखरेच्या माणसाला कधी दुखतच नाही, म्हणून "दुखत नाही ना, मग ठीक आहे" हे धरून चालू नका. एकदम साखर चढली, २५०-३०० च्या वर राहू लागली, तर आत कुठंतरी जंतू धरलेत असं समजा. जखमेवर हळद, राख, तेल, काही लावू नका. त्याचप्रमाणं छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. दरदरून घाम, दम लागणं, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, हे दिसलं तर थांबू नका.

तिसरी गोष्ट, टाच. ऑपरेशन खुब्याचं आणि जखम टाचेला, असं फार वेळा होतं. पाय बधिर, टाच सारखी गादीवर टेकलेली, आणि आजीला टोचतच नाही. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी राहील असं ठेवा. कूस दर दोन तासांनी बदला, पायांत उशी ठेवूनच. सकाळ-संध्याकाळ टाच, घोटा आणि माकडहाड बघा. लाल किंवा काळपट डाग दिसला की तिथं अजिबात भार येऊ देऊ नका. आणि विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, पायाशी शेगडी, हे पूर्ण बंद. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

चौथी गोष्ट, खाणं. आपण दोन टोकं गाठतो. एकीकडं साबुदाण्याची खीर, पेज, ग्लुकोजची पावडर, भेटायला येणाऱ्यांची बिस्किटं आणि शहाळी. दुसरीकडं "साखर आहे" म्हणून अर्धपोटी ठेवणं. जखम भरायला आणि मांडीचं मांस परत यायला प्रथिनं लागतात. बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकर, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, दही, ताक, आणि खात असेल तर रोज अंडी. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. पालेभाजी हवीच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी आणि दूध किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

पाचवी गोष्ट, उठवणं. डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी माणसाला उभं करतात. घरी आल्यावर दया येऊन आपण तिला झोपवून ठेवतो. ती दया महागात पडते. जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली दहा वेळा हलवायला लावा. मांडी ताठ करून पाच मोजेपर्यंत धरायला सांगा. जेवण खाटेवर नको, खुर्चीत बसून. वॉकर घेऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ चालणं, पहिल्या आठवड्यात खोलीतल्या खोलीत, मग अंगणापर्यंत. दुखण्याची गोळी चालण्याआधी अर्धा तास द्या. पण ती डॉक्टरांनी लिहिलेलीच. मेडिकलमधून मनानं आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या साखरेच्या माणसाचं मूत्रपिंड बिघडवतात.

खुब्याचा गोळाच बदलला असेल तर मांडी घालून बसणं, पाटावर बसणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं बंद. हाडात सळई आणि स्क्रू घातले असतील तर किती भार द्यायचा ते वेगळं असू शकतं. आजीचं ऑपरेशन यातलं कुठलं झालं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. संडासासाठी कमोडची खुर्ची लागेल. ती मिळाली नाही तर प्लास्टिकच्या दणकट खुर्चीला मधे भोक पाडून गावातले लोक करून घेतात, फक्त ती डगमगत नाही ना ते आधी स्वतः बसून बघा.

कोण बघणार?

आता खरा प्रश्न. दसरा-दिवाळीनंतर मुलगा-सून कोयता घेऊन कारखान्यावर जातात. घरात आजी, आजोबा आणि दोन नातवंडं. आजीचा खुबा मोडला की एकतर सुनेची उचल बुडते, नाहीतर आजी बाजेवर पडते. हे एका घराला झेपत नाही. इथं गट उपयोगी पडतो.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. शाळेची पायरी न चढलेल्या कितीतरी बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केलं. त्या बायकांनी बाळंतपणं केली, कुपोषित मुलं बघितली, आजार ओळखायला शिकल्या, आणि त्यांच्या गावांचं आरोग्य बदललं. त्यांना जे जमलं, त्याच्या मानानं साखर मोजणं आणि टाच बघणं फार लहान काम आहे.

एका गटात दहा-बारा बायका असतात. सहा आठवडे रोज दोघींची पाळी लावली, तर एकीला आठवड्यातून एक-दोन वेळा अर्धा तास जायचं आहे. सकाळी जाणारीनं साखर मोजायची, जखम आणि टाच बघायची, आजीला चालवायचं. संध्याकाळी जाणारीनं पुन्हा चालवायचं आणि आजी जेवली का ते बघायचं. भिंतीवर एक कागद लावा: तारीख, साखर, ताप, जेवण, किती वेळा चालली. लिहिता येत नसेल तर नातवंडं लिहितील. डॉक्टरांकडं जाताना तो कागद घेऊन जा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

साखर मोजायचं यंत्र गटानं मिळून एक घेतलं तर परवडतं. पण एक नियम पक्का ठेवा. यंत्र एक चालेल, सुई प्रत्येकीची आणि प्रत्येक वेळी नवी. बोटाला टोचायचं पेनही दुसऱ्यासाठी वापरायचं नाही. एकीची सुई दुसरीला टोचली तर कावीळ आणि एचआयव्ही पसरतो. वापरलेल्या सुया झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि भरली की आरोग्य केंद्रात द्या.

पैशाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारकांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तर वर्षांच्या पुढच्या माणसांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. कुठलं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात योजनेत बसतं हे बदलतं, म्हणून दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. कार्ड आजच काढून ठेवा. पडल्यावर धावपळ होते, अंगठाही घेता येत नाही. नगरचं सिव्हिल हॉस्पिटल आहेच.

दुसरा खुबा वाचवा

एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा मोडायची भीती जास्त असते. म्हणून टाके निघाले की काम संपलं असं नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: "हाडं ठिसूळ झाली आहेत का? त्यावर औषध सुरू करायचं का?" कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्याबरोबर हाडांचं वेगळं औषध असतं, आणि ते पुष्कळदा विचारायचंच राहून जातं. साखरेच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन नावाची गोळी असेल तर तेही सांगा, बायकांत तिच्यामुळं हाड मोडायचं प्रमाण वाढतं. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्यानं आठ दिवस घोड्यासारखं चालता येतं, आणि मागून साखर चढते, हाडं पोकळ होतात. त्या पुड्या बंद करायच्या, पण एकदम नाही. बरेच महिने घेत असेल तर डॉक्टरांना सांगून हळूहळू.

घरात खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर एक लहान बल्ब लावा. उंबरठ्यावर पांढरा पट्टा ओढा. मोरीत धरायला एक नळी ठोका. पायात मागून पट्टा असलेली चप्पल घाला. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या.

साखर असलेल्या माणसाला खुब्यातून उठायला थोडे जास्त दिवस लागतात. दवाखान्यात जास्त राहावं लागतं, जखमेवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. पण ती उठतात, वॉकरवरून काठीवर येतात, मढीच्या यात्रेला नातवंडांबरोबर जातात. वेळेवर ऑपरेशन, साखर हातात, टाच आणि जखम नजरेत, आणि रोजचं चालणं, एवढं सांभाळलं तर.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. तुमच्या गटातल्या घरांत साठीच्या पुढची माणसं किती, त्यांतल्या किती जणांची साखर कधी तपासली आहे, आणि किती जणांची कधीच नाही, हे वहीत लिहा. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी आरोग्य उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना सांगून एक दिवस ठरवा. ज्यांची आधीच साखर आहे, त्यांच्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. एवढं या महिन्यात करा.

म्हाताऱ्या माणसांना माझा नमस्कार सांगा, आणि आज रात्री मोरीजवळचा दिवा चालू ठेवा.